कान नसलेली बाई

माझी मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. मशीन समोर आलं की ती डोळे मिटून चाक फिरवते आणि कुठला दाता झिजलाय ते नुसत्या आवाजावरून सांगते. अशा बाईला एका गायनवृंदाच्या मास्तरांनी, तिचा सूर बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून, चाळीस जणांसमोर एकटीला गायला लावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कान नाहीत. कानातलं अडकवायला जागा आहे फक्त." सगळे हसले. मावशी तेव्हा बत्तीस वर्षांची होती. ती पर्स उचलून घरी आली आणि एकोणीस वर्षं डूख धरून बसली. आमच्या घरात रागीट माणसं पुष्कळ आहेत, पण इतका टिकाऊ राग दुसऱ्या कुणाचा नाही.

पंचेचाळिशीत तिने जुना पियानो घेतला. शिकवायला त्याच वृंदाचे पियानोवाले काका यायचे. त्यांची पद्धत एकच, आधी गायचं, मग वाजवायचं. एक कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, धरायची, पुढच्या कॉर्डचा तळाचा सूर मनाशी शोधून तोंडाने म्हणायचा, आणि मगच बोट दाबून खरं-खोटं करायचं. पहिली, चौथी, पाचवी, परत पहिली. चुकलं की मावशी स्वतःच्या मांडीवर चापट मारायची. तळाचा सूर जमला की मधला, मग वरचा. मग तीच साखळी पांढरी एकमध्ये, काळी एकमध्ये, अशी बाराही पट्ट्यांत. आम्ही तिच्या खालच्या मजल्यावर राहतो. बाबा छताकडे बघून म्हणायचे, "चौथीवर गेली. आता पाचवीवर जाईल, मग घरी येईल. तोवर आपण जेवून घेऊ."

मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं कशासाठी?"

"त्याच्या तोंडावर वाजवायला," ती म्हणाली.

मास्तरांचं नाव एका गोष्टीसाठी होतं. गाण्याचं पहिलं कडवं वृंद पियानोशिवाय म्हणायचा आणि दुसऱ्या कडव्याला पियानो यायचा, तो नेमका वृंदाच्या सुरात. लोक थक्क व्हायचे, की बघा, चाळीस गळे आणि तसूभर हलले नाहीत. मी त्या वृंदात गेले तेव्हा मावशी महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

यंदा काकांची बोटं आखडली आणि त्यांनी आपल्या जागी मावशीचं नाव सुचवलं. मास्तरांनी तिला ओळखलंच नाही. "नवीन का?" एवढंच विचारून स्वरलिपीचे कागद हातात दिले. "ओळखलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं," मावशी म्हणाली. मला नाही वाटत.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका घरी आले. म्हणाले, "एक गुपित सांगतो. पियानो नसला की वृंद दर कडव्याला अर्धा सूर खाली घसरतो. इतकी वर्षं मी घसरतील तिथे पकडतोय. दर गाण्याला नवी पट्टी. तुला बारा पट्ट्या का घोटायला लावल्या, आलं लक्षात? कागदाकडे बघू नकोस."

"आणि कागदावर आहे तेच वाजवलं तर?"

काका म्हणाले, "तर सगळं उघडं पडेल. तुझी भाचीही त्यात उभी आहे."

हे माझ्यासमोर झालं. मी मध्ये पडायला हवं होतं. नाही पडले. मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. आम्ही पहिलं कडवं छान म्हटलं, निदान आम्हाला तसं वाटलं. मग मावशीने दोन्ही हातांनी कॉर्ड वाजवली, कागदावर होती तीच. दाढेत खडा यावा तसं झालं. आमचे सूर एकीकडे, पियानो दुसरीकडे. आम्ही थांबलो. मास्तर क्षणभर गोंधळले, मग लोकांकडे वळून हसत म्हणाले, "माफ करा. आमच्या बाई नवीन आहेत, पट्टी चुकली."

लोक समजुतीने हसले. मावशी बरोबर होती आणि पुन्हा तिलाच हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशीने हात मांडीवर घेतले. "मग राहिलेली कडवीही पियानोशिवायच होऊ द्या, मास्तर. माझी अडचण नको."

नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. तीन कडवी राहिली होती. आम्ही उतरत गेलो आणि ती शांत बसून ऐकत होती. शेवटच्या कडव्यात खालच्या सुरांचे पुरुष नुसती तोंडं उघडून उभे होते, घशातून हवा येत होती. गाणं संपलं तेव्हा मावशीने सुरुवातीची कॉर्ड एकदाच, हलकेच वाजवली. ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्या माझ्या बाबांनाही कळलं. टाळ्या दोन-चारच पडल्या. मला माझी लाज वाटली आणि तिचा आनंद झाला, दोन्ही एकदम.

नंतर मास्तर पडद्यामागे आले. चेहरा उतरला होता. "तुम्ही मला सावरू शकला असतात," ते म्हणाले.

"हो. पण एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही मला कान नाहीत म्हणालात. चाळीस जणांसमोर."

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही, हे स्पष्ट दिसत होतं. मग ते खुर्चीवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "मला सूर उतरलेला कळत नाही, बाई. कधीच कळला नाही. काका होते म्हणून निभावलं."

मावशीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण तिचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"मग त्या दिवशी मी चुकले होते," तिने विचारलं, "की मी एकटीच बरोबर होते?"

"मला काय माहीत," मास्तर म्हणाले.