रेघमास्तर

दिव्यांची अवस. समया चिंचेनं घासत बसले होते, तेवढ्यात भोरहून निरोप आला, रेघमास्तर गेले. हात आंबट होते, म्हणून डोळ्यांना लावले नाहीत. घासणं पुरं केलं.

मास्तर भोरच्या शाळेत चित्रकला शिकवीत आणि माझ्या माहेरच्या पडवीत भाड्यानं राहत. वर्गात त्यांनी कधी आंबा काढू दिला नाही. म्हणत, "आंबा झाडावर आहेच. कागदावर पुन्हा कशाला?" त्यांच्या कागदावर पाण्याच्या रंगाचे डाग आणि रेघा, बाकी काही नाही. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, "ही रेघ कशाची?" मास्तर म्हणाले, "रेघेची." त्या वर्षी त्यांची बढती हुकली.

माझी दोन स्थळं मोडली होती. तिसरं विंझरचं. त्यांनी आधी मुलीचं चित्र मागितलं. फोटोवाला पुण्यात, मास्तर पडवीत. आबांनी त्यांनाच गळ घातली, "नाकीडोळी नीटस आहे, एवढं दिसू द्या." मास्तरांनी मला सकाळभर पाटावर बसवून निरखलं आणि काढलं काय, तर मोठा पिवळा डाग, खाली दोन काळ्या रेघा, कोपऱ्यात तांबडा ठिपका.

"यात नाक कुठंय?" आबांनी विचारलं.

"नाक तिच्याजवळ आहे की."

विंझरचा माणूस दारात खोळंबला होता. आबांनी कागद तसाच गुंडाळून दिला आणि स्थळ गेलं असं धरून अंघोळ केली.

विंझरला सासूबाईंना पिवळ्यात भंडारा दिसला, तांबड्यात कुंकू. त्यांनी चित्र देवघरात लावलं. ही देवी नव्हे, मुलगी, असा खुलासा होईतो त्याची रोज आरती झालेली. सासरे म्हणाले, परत धाडा.

"पूजल्यालं म्हागारी धाडत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "देवी आलीया, आता माणूस बी येऊ द्या."

मी आले. तेव्हापासून रोज स्वतःलाच फूल वाहते.

मास्तर एकदा जेवायला आले होते. मी हळूच म्हटलं, "मास्तर, चित्र उलटं लागलंय." त्यांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं.

"नाही. काढताना मीच उलटा बसलो होतो."

अवसेला संध्याकाळी त्या चित्रापुढं सगळे दिवे लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीतला कोळसा घेतला आणि ओसरीच्या सारवलेल्या भिंतीवर एक रेघ ओढली.

"कशाची गं?" सासूबाईंनी विचारलं.

"रेघेची."

त्या आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.