अभ्यासाची हजेरी

सीए करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. अटेम्प्ट वाढतात तसे तेही वाढतात. माझ्याकडे दोन्ही भरपूर!

वाशीच्या एका सीएकडे आम्ही तिघं आर्टिकलशिपला होतो. मी, उरणच्या मोरा बंदराहून येणारी शबाना आणि सुनील जाधव. नव्वदच्या दशकातली गोष्ट. परीक्षेला किती तास अभ्यास लागतो, या एका विषयावर आमचा लंच टाइम निघायचा.

*

सरांचं उत्तर ठरलेलं. "रोज चौदा तास!"

"सर, ऑफिसच आठ तास. मग झोपायचं कधी?"

"पास झाल्यावर."

एकदा मॅडम सरांचा डबा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चौदा तास? साखरपुड्याला यांचा तिसरा अटेम्प्ट होता, लग्नाला चौथा."

त्या दिवशी सरांनी आम्हाला लवकर सोडलं.

*

आमच्यात एक रीत होती. तास घरी वाढवून सांगायचे, एकमेकांना कमी करून. शबाना रोज म्हणायची, "अरे कुठे, पुस्तकाला हातच नाही लागला." मी एकदम निर्धास्त!

एके दिवशी तिचे अब्बा ऑफिसात आले. म्हणाले, "दहा-दहा तास बसते. आम्हाला टीव्ही पण लावू देत नाही!"

मी शबानाकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "ते घरचा आकडा सांगतायत."

पहिल्या अटेम्प्टला पास झाली.

*

मी भावाचं स्टॉपवॉच आणलं. जागेवरून उठलो की बंद करायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ बसलो. भरले एक तास दहा मिनिटं. त्यातली चाळीस टाइमटेबल रंगवण्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच भावाला परत केलं.

*

सुनीलचं मात्र खरंच अवघड होतं. त्याचे वडील, आबा, साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडींच्या टोळीचे मुकादम. रिटायर व्हायला आलेले आणि त्यांच्या जागी सुनीलला लावून घेणार होते. आबांनी स्पष्ट सांगितलं, "ह्या टायमाला पास झालास तर सीए. न्हाई तर माझा बिल्ला घालायचा आन् पोती उचलायची." सुनील हसून सांगायचा, पण पार घाबरला होता. आधी तीनदा आपटला होता ना!

स्टडी लीव्ह लागल्यावर आबांनी टोळीसारखीच हजेरीची वही सुरू केली. चार तासांची एक पाळी, दिवसाला तीन पाळ्या. डुलकी लागली की त्या पाळीचा खाडा. टोळीत चालतं तेच घरात!

दिवसा आबा मार्केटात, म्हणून लक्ष आईचं; रात्री आबा दोघांना विचारून वही भरायचे. घरात एकच खोली. आई भल्या पहाटे स्वयंपाक उरकून सुनीलसमोर बसायची. पाळी संपेपर्यंत उठायची नाही. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. सुनील वैतागायचा, "आये, तू तरी पड ना जरा!" ती नुसती मान हलवायची.

रिझल्ट लागला. सुनील पास! आबा पेढे घेऊन ऑफिसात आले, मागे आई पदर सावरत उभी. मला तर रडूच आलं.

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने विचारलं, "मग आबा, किती तास केला अभ्यास?"

आबांनी खिशातून वही काढली. बोट ठेवून शेवटच्या पानावर आले. पानावर दोन नावं होती.

"पोराचे नऊ खाडे," ते म्हणाले. "त्येच्या आईचा एक बी न्हाई."