कोचमामांचे मिटलेले डोळे

कोचमामा टीव्ही डोळे मिटून बघायचे. रविवारी जेवणं झाली की आमच्या खोलीचे पडदे ओढले जायचे. बाहेर उन्हानं पांढरी झालेली वाळू, आत एसीची घरघर. मामा खालच्या बंकवर भिंतीला टेकून, पापण्या मिटून, आम्हा सहा जणांना इंग्रजी सिरीयल मराठीत सांगायचे. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत मामांचं वाक्य तयार. "आता बाप गप्प बसेल. मग तो चेंडू उचलेल." आणि बाप खरंच टेबलावरचा चेंडू उचलायचा.

सिरीयल एका अमेरिकन पोलीस इन्स्पेक्टरची आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाची होती. बाप पूर्वी बेसबॉलचा कोच. घरात काहीही घडो, तो बेसबॉलमध्येच बोलणार. मुलाचं लग्न मोडलं तरी बेसबॉल, गावात खून पडला तरी बेसबॉल. आमच्या खोलीत आधी राहणारा एक फिलिपिनो ही सिरीयल पेन ड्राइव्हवर ठेवून गेला होता; बघून बघून मामांना ती पाठ झाली होती. जायच्या आधी त्यानं मामांना खेळही शिकवला होता, फरशीवर खजुराच्या चार बिया मांडून. तेव्हापासून दापोलीकडचा हा फोर्कलिफ्ट ऑपरेटर सगळ्यांचा कोचमामा झाला. आखातातल्या रास अल खोरच्या आमच्या गोडाऊनमध्ये त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. बॉलर हात वाकवून फेकायला लागला की खोलीतून ओरडा व्हायचा, "फेकी आहे, नो बॉल!" एकदा खोलीतल्या नागेशनं विचारलं, "मामा, हा बॅट टाकून का पळतो? हरवली तर?"

"मेल्या, बॅट कंपनीची आहे," मामा डोळे न उघडता म्हणाले. "तू स्टोअरची ट्रॉली कुठं टाकतोस ते मी विचारतो का?"

मी मात्र फार हसायचो नाही. मला सगळ्याचीच धास्ती. नववीच्या परीक्षेला मी निघालो तो शाळेच्या फाटकावरूनच परत फिरलो, तो कायमचा. इथं मी हेल्पर होतो. त्या वर्षी कंपनीनं सांगून टाकलं की हेल्परच्या जागा बंद होणार, ज्याच्याकडे फोर्कलिफ्टचं लायसन असेल त्याचाच विचार होईल. सांगोल्याला दोन बहिणी कॉलेजात होत्या. मी शाळा सोडली, त्यांनी सोडू नये एवढंच माझं इथं येण्याचं कारण. म्हणजे मला पुन्हा परीक्षा आली. पहिल्याच टेस्टमध्ये मी मशीन मागं घेताना खांबाला टेकवलं आणि नापास होऊन आलो. त्या रविवारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

सिरीयल चालू होती. मामा सांगत होते, पण आवाज माझ्या दिशेनं येत होता. "बघा, क्रिकेटमध्ये एक चूक झाली की माणूस तंबूत. इथं बॉल हुकला, एक. परत हुकला, दोन. तरी तो उभाच आहे. घाम पुसतो, पाय रोवतो, उभाच. काय रे घाटावरच्या, तुझे किती हुकले?"

"एक," मी भिंतीलाच सांगितलं.

"मग झोपलास काय? यल्ला, ऊठ."

त्यानंतर रोज ड्युटी सुटली की मामा मला रिकाम्या आवारात पाण्याचे कॅन मांडून मशीन मागं घ्यायला लावायचे. शिव्या कोकणी आणि हिंदी मिसळून. दुसऱ्या टेस्टला मी पास झालो. त्या कागदाचा मी फोटो काढला आणि बहिणींना पाठवला. धाकटीनं उलट टपाली लिहिलं, 'दादा, पेढे.'

पण लायसन हातात आलं तरी जागा कुठं होती? आमच्या गोडाऊनला मशीन एकच, आणि त्यावर मामा. ते म्हणायचे, अजून दोन वर्षं, मग खलास. गावी जाऊन स्वतःची होडी घेणार. होडीचा रंगसुद्धा ठरलेला होता, निळा, कडेनं पिवळी पट्टी. मला जागेचं विचारायची लाज वाटायची. पास होऊनही परत जावं लागणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो.

त्याच दिवसांत तो भाग आला. मी अर्धवट झोपेत होतो. पडद्यावरचं हिरवं मैदान माझ्या पापण्यांवर सांडत होतं आणि त्यात आमच्या गावचं रान मिसळत होतं. कुणीतरी खूप दूरवर पळत होतं. मामांचा आवाज त्याच्याबरोबर पळत होता. "हा म्हातारा खेळाडू मारणार नाही. बॅट नुसती लावेल. चेंडू घरंगळेल. सगळे याला आऊट करायला धावतील, तेवढ्यात तो तिकडचा पोरगा पुढं सरकेल."

"मुद्दाम आऊट होतो?" नागेश उठून बसला. "येडा आहे काय? याचे रन कुणी लिहायचे?"

"कुणी नाही लिहीत. आता बघ, तो परत येतोय. बाकावरचे सगळे उठून उभे राहतील."

मी डोळे किलकिले केले. पडद्यावर सगळे उठून उभे होते. मामांचे डोळे मिटलेलेच होते.

महिन्याभरात सुपरवायझरनं मला बोलावलं. "कल से मशीन तुम चलाओ. मामा का आँख गया. बोला, ऊपर का रॅक बराबर नहीं दिखता." मला ते लगेच पटलं. डोळे दुखत असतील, म्हणूनच तर ते मिटून बसत होते, असं मी सगळ्यांना सांगितलंही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं.

मामा कायमचे गावी निघाले तेव्हा मी ड्युटीवर होतो. काट्यांवर माल वर उचललेला, त्यामुळे मशीनवरून उतरता आलं नाही. व्हॅनच्या खिडकीतून मामांनी हात केला. मी सीटवर बसूनच हात हलवला आणि एकदा हॉर्न वाजवला.

परवा रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी बंकवर बसलो होतो, त्यांच्याच. समोर त्यांचं अंगण, नारळ, मागं खाडीचा उजेड. मामा खाली मान घालून जाळं दुरुस्त करत होते. करंगळीही जाणार नाही इतकी बारीक त्याची घरं. चष्मा नव्हता. बोलता बोलता त्यांनी सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात.

"मामा, जाळं तुमचं?"

"छे रे. शेजारच्याचं. त्याची होडी आहे. मशीनचं काय? मागं घेताना बघतोस ना?"

"बघतो."

"बहिणी?"

"धाकटीचं शेवटचं वर्ष."

"मग झालं तर." त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पुढचं फाटलेलं घर शोधलं. लगेच सापडलं त्यांना.

मी बंकवरून उठलो. फोन समोर धरून खोलीच्या मधोमध उभा राहिलो, सिरीयलमधल्या त्या बाकावरच्यांसारखा.

"काय रे, उठलास का? ड्युटी आहे?"

"नाही मामा. तुम्ही बोला."

ते बोलत राहिले, भरतीचं, पावसात पडलेल्या पोफळीचं. फोन ठेवेपर्यंत मी खाली बसलो नाही.