पत्रिका नको, रिपोर्ट आणा

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार, म्हणून नाचणगावपासून गिरडपर्यंत जिथे बोलावतील तिथे जाऊन मी एकच पालुपद लावलं: लग्न जुळवताना पत्रिका पाहू नका, दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असले तर त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण मूल आजारी निघायचा धोका असतो. प्रेमाबिमाने रक्त बदलत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या.

मग माझ्याच लेकीने हिंगणीचा एक मुलगा पसंत केला. मॅडमची लेक, त्यामुळे घरी सांगण्याआधी दोघं तपासणी करून आली. दोघेही वाहक. रविवारी सकाळी तिने ते रिपोर्ट तर्री-पोह्यांच्या शेजारी ठेवले आणि मुलगा मान खाली घालून बसला.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं कानीकपाळी ओरडले, आणि हिला अख्ख्या जिल्ह्यात दुसरा कोणी सापडला नाही? त्यात आमच्या ह्यांचं भलतंच. सिरियल पाहूनही रडणारा माणूस. डोळे पुसत म्हणाले, "होऊ दे ना वं. पोरगा चांगला हाये. एकमेकायले जीव लावतेत."

"जीव लावल्यानं रक्त बदलते का?" मी खेकसले. मग जी सुरू झाले ती फळ्यापुढे उभी असल्यासारखी. पोहे गार झाले.

मी दमल्यावर लेक म्हणाली, "आई, तुह्यं सगळं बरोबर हाये. म्हणूनच आम्ही ठरवलं. लग्न करायचं अन् मूल दत्तक घ्यायचं."

"काकू, माह्या घरी बी सांगून झालं," मुलगा पहिल्यांदाच बोलला.

बिनतोड उत्तर. वर्गात एखादीने दिलं असतं तर मी तिची पाठ थोपटली असती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मुळीच नाई!"

"काऊन?"

काऊन ते मला सांगता येईना आणि त्याचाच जास्त संताप आला. सांगायचं होतं ते अगदी साधं होतं. मला तिच्या पोटचं मूल हवं होतं. माझ्या आईची ती हट्टी हनुवटी माझ्याकडे आली, माझ्याकडून हिच्याकडे गेली. ती पुढे एखाद्या तान्ह्या चेहऱ्यावर मला पाहायची होती. यात कुठलं आलंय विज्ञान! ह्यांनी आपला रुमाल माझ्याकडे सरकवला, त्याचाही मला राग आला.

लेक माझ्याकडे पाहत होती. "आता कोण बोलून राह्यलं? मॅडम का आई?"

मी रुमाल घेतला.

"आई बोलून राह्यली," मी म्हणाले. "तिचं नको ऐकू. मॅडमची काही हरकत नाई."