सुवर्णा माझ्या स्वयंपाकघरात बसली आहे

दाराला आतून कडी घालून हे लिहिते आहे.

पलूसजवळ आमच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. त्यातली आठवीतली सुवर्णा रोज माझ्याकडे गणित शिकायला येते. आज दुपारी ती रिकाम्या हातांनी आली आणि म्हणाली, "बाई, उद्या सकाळी माझं लगीन हाय."

मी तडक तिच्या वडिलांना गाठलं. ते खाली बघत म्हणाले, "एकट्या पोराला टोळीत कुणी घेत नाय. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हंजी एक जोडी, धरत्यात. सुवर्णाचं ज्याच्याशी ठरलंय, त्या पोराला जोडी पायजे, बाई."

"म्हणजे ऊस तोडायला हात कमी पडतात म्हणून लेकीचं लग्न?"

टोळीचा मुकादम मध्ये पडला. "आवं बाई, तुमचा ऊस अजून उभा हाय. टोळी उठली तर तोडणार कोण? तुमी?"

सगळे हसले. मी सुवर्णाचा हात धरला आणि तिला घरी आणलं.

पोलिसांना आणि ग्रामसेवकांना फोन केले. निघालोय म्हणाले. अजून कुणी आलेलं नाही.

दारात टोळीतली माणसं जमली आहेत. त्यांच्यात माझे दीरही आहेत. "वैनी, पोरगी सोडा. लोकांच्या भानगडीत आपला ऊस वाळवू नका," म्हणून ओरडत आहेत.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना दटावत आले. मला भीती वाटते, हे कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. दाराची कडी जुनी आहे.

पलूसच्या आसपास कुणी हे वाचत असाल, तर या पोस्टखाली हळहळ लिहीत बसू नका. घर माहीत आहे तुम्हाला. या.