एकोणीस जणांची फुंक

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'भाता' म्हणायचे. छातीच तशी! दगडाची पूड दळायच्या खात्यात एकोणीस माणसं, बाकीची अठरा खोकणारी. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर फुंकायची नळी घेऊन यायचा. फुंक कमी पडली की दुसऱ्या दिवसापासून घरी. मग काय, दर खेपेला दुसऱ्याचा बिल्ला लावून हेच आत जायचे. सगळ्यांचीच तोंडं धुळीनं पांढरी, डॉक्टरला काय कळणार डोंबल!

"मोठे कर्ण लागून गेलात," मी म्हणायची. पण त्या अठरांत माझा धाकटा भाऊही होता. मीच मागे लागून त्याला तिथं चिकटवलेलं, म्हणून आतून बरं वाटायचं.

आता ह्यांना चार पायऱ्या चढवत नाहीत. फुप्फुसांत दगडाची धूळ बसलीय, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. त्यावर भरपाईचा अर्ज केला. आज सुनावणी होती, सरकारी कामगार कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर. भावानं ह्यांना धरून वर आणलं आणि तो दाराशी थांबला.

साहेब माणूस वाईट नव्हता. कागद पुढे सरकवत म्हणाला, "बाई, त्याच खात्यातल्या अठरा जणांच्या छात्या ठणठणीत आहेत. दर वर्षीची नोंद आहे. धूळ एकट्या ह्यांनाच कशी बाधली? विडीबिडी?"

"उभ्या जन्मात शिवले नाहीत!" मी उसळले. पुढचं सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात दाराशी भाऊ खोकला. तोंडावर हात दाबून. मी बोलले तर अठरा जणांची पुन्हा तपासणी, आणि हा उद्याच घरी. त्याच्या पदरी दोन लहान मुली. ह्यांनी माझ्याकडे बघत 'नको' अशी मान हलवली.

"आणखी काही सांगायचंय?"

चाळभर जिच्या तोंडाला लोक घाबरतात, ती मी म्हणाले, "नाही, साहेब."

अर्ज फेटाळला.

उतरताना प्रत्येक वळणावर बसावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर भाऊ ह्यांच्याशेजारी टेकला. "भावजी, सकाळीच फळ्यावर लागलंय. येत्या सोमवारी डॉक्टर येतोय. आता फुंकायचं कुणी?"

"हिला ने," हे धापा टाकत हसले. "हिच्याएवढा दम आहे कुणात?"

मला हसू येईना. आज मंगळवार. सहा दिवस! मेल्या सहा दिवसांसाठी मी तोंड शिवून बसले होते. वर बघितलं, तर साहेबाचा शिपाई दाराला कुलूप लावत होता.