लेकीच्या जाड टायरमधली हवा

मंडळी, फ्रीगंजच्या सायबर कॅफेतून लिहितेय.

लेकीची नवी जाड टायरची सायकल आज मी चालवून बघितली. पुढे धक्के झेलणारे शॉकअप नाहीत, आणि हवा पार दगडासारखी टाईट.

राम घाटाच्या उतारावर, फरश्यांवरून चाक उसळायलाच लागलं. हँडल वळवावं तर चाक जमिनीला टेकेचना. समोर एक म्हातारी यात्रेकरू. कशीबशी थांबले. "देख के, बेटा," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन थोडी हवा काढली. मग सायकल उसळेना, फक्त वळायला जरा जड झाली.

लेकीने दुपारी परत टाईट भरून आणली. म्हणे, "आई, सब इतनी ही भरवाते हैं."

उद्या ती त्याच उताराने क्लासला जाणार. तिला न विचारता पुन्हा हवा काढून ठेवू का?